अरफाआपांची गल्ली

उस्मानपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मी बायकांना गेम लिहायला शिकवते. अरफाआपा छावणी भागातून रिक्षानं यायच्या. वय चाळिशीपलीकडचं. त्यांचे पती याह्या हिवाळ्यात अचानक गेले होते. रिकाम्या घरात जीव रमेना, म्हणून भाचीनं त्यांचं नाव माझ्या वर्गात घातलं होतं. सुरुवातीला त्यांना माउससुद्धा धरता येत नव्हता, पण चिकाटीनं शिकल्या.

त्यांचा पहिला गेम साधा होता. वीज गेलेली गल्ली, दोन्ही बाजूंना दारं आणि घरी निघालेला एक माणूस. बटण दाबलं की तो चालतो. त्याला त्याचं दार शोधून द्यायचं. पावलांचा आवाज आपांनी स्वतःच चालून फोनवर भरला होता.

वर्गात गेम पहिल्यांदा चालवला तेव्हा मात्र आवाज वेगळाच आला. एक पाऊल टेकत होतं, दुसरं घासत येत होतं.

मूळ रेकॉर्डिंग मी ऐकलं. टक, टक, टक. सरळ. म्हटलं, कोडमध्ये घोळ असणार. ओळ न् ओळ तपासली, आवाजाचा भाग पुसून नव्यानं लिहिला. पुन्हा सुरू केलं. टेकलं, घासलं. टेकलं, घासलं.

"राहू द्या मॅडम," आपा हळूच म्हणाल्या. "याह्यांचा डावा पाय असाच होता."

त्यानंतर सगळ्या निघून गेल्या तरी आपा बटण दाबत बसायच्या. त्या माणसाला दारापर्यंत न्यायच्याच नाहीत. नुसतं चालवत राहायच्या.

आमच्या वर्गाचं शेवटचं काम म्हणजे आपला कोड इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला करणं. आपा ते टाळत राहिल्या.

"दिल्यावर आपल्याकडं काय उरतं?" त्यांनी विचारलं.

"सगळंच उरतं, आपा. लोकांकडं नुसती कॉपी जाते."

त्यांनी कोड खुला केला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लॅपटॉपवर पावलं सरळ वाजली. माझ्याकडच्या कॉपीतही तसंच. आपांनी पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिलं. मग लॅपटॉप मिटला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या.

"गेले," एवढंच म्हणाल्या.

पुढं काही दिवसांनी, कोडसोबत दिलेल्या माझ्या नंबरवर गंगापूरहून तनुजा नावाच्या मुलीचा मेसेज आला. कॉलेजात शिकणाऱ्या या मुलीनं आपांचा कोड उतरवून घेतला होता. 'मॅडम, पाय ओढायचा आवाज लई खरा वाटतो. पण तो माणूस दर दाराशी थांबून खोकतो कामून? अन् दार एकबी उघडत नाय.'

गेममध्ये खोकल्याचा आवाज कुणी घातलाच नव्हता. मी मेसेज वाचून दाखवला तेव्हा आपांनी ओढणी तोंडाशी धरली.

"घरात शिरण्याआधी खोकायचे ते. सोबत कुणी पाहुणे असले तर मला सावरून बसता यावं म्हणून." मग म्हणाल्या, "परक्या दारांशी उभे राहतायत, मॅडम."

आम्ही दुपारच्या एसटीनं गंगापूरला गेलो. तनुजाच्या आईनं चहा ठेवला. तनुजानं बाजेवर लॅपटॉप मांडून गेम सुरू केला.

टेकलं, घासलं. टेकलं, घासलं. दाराशी पावलं थांबली. मग खोकला आला. दबका, अदबीचा.

आपांनी ओढणी डोक्यावर घेतली. पडद्यावरच्या त्या दारावर तळवा टेकवला.

"इथंच आहे मी," त्या म्हणाल्या. "या."

काहीच घडलं नाही. दार बंदच होतं. आवाजही थांबला. आपा बऱ्याच वेळानं उठल्या, तनुजाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर पडल्या.

स्टँडकडं जाताना रस्त्याचं काम चालू होतं, सगळीकडं खडी पसरलेली. आपा दोन पावलं पुढं होत्या. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"मॅडम," तनुजा म्हणाली, "तुम्ही गेलात अन् दार उघडलं. आता दोघांची पावलं ऐकू येतायत. एक ती पाय ओढत चालणाऱ्याची. अन् दुसरी बाईमाणसाची."

मी जागीच थांबले. माझ्या चपलांखाली करकरणारी खडी गप्प झाली.

आपा पुढं चालतच होत्या. खडीवरून, बिनआवाजी.