त्या छपरावरचं आकाश

दुपारी तीनच्या सुमारास एक माणूस तिच्या ऑफिसात शिरला, तोच मुळी चिंब भिजून. हातात मोबाइल, आणि मोबाइलवर तिच्याच कंपनीचा सकाळचा हवामानाचा मेसेज — आज पाऊस नाही.

"हा शहाणपणा कुणाचा?" त्यानं विचारलं. "अख्खं छप्पर उघडून बसलो होतो मी... खाली घरमालकीण म्हातारीच्या गाद्या पोहतायत!"

तो छपरं दुरुस्त करणारा, आणि मेसेज पाठवणारं कोड तिनं लिहिलेलं. कोड गिऱ्हाइकाच्या जागेचे अक्षांश-रेखांश उचलायचं, तिथलं हवामान मागवायचं आणि कळवायचं. खापर फोडायला दुसरं कुणी नव्हतं.

"माझा," ती म्हणाली, आणि स्वतःचा नॅपकिन पुढे केला. तोंड पुसता पुसता तो नॅपकिनाआडून हसला... आणि भांडण तिथंच विरलं.

"चूक शोधते मी. तोवर रोज सकाळी छपरावरून फोन कराल? आकाश खरंच कसं आहे, ते सांगायला?"

"भिजलो मी, आणि वर कामही मलाच?"

"...हो."

चूक तिला त्याच संध्याकाळी सापडली. त्यानं जागा अंश आणि मिनिटांत लिहून दिली होती. पंचेचाळीस मिनिटं म्हणजे पाऊण अंश. कोडनं ते पॉइंट पंचेचाळीस धरलं, आणि तीसेक किलोमीटरवरच्या भलत्याच गावाचं ऊन त्याला कळवलं. एक ओळ बदलली, काम झालं.

पण सकाळी फोन वाजला — "पश्चिमेकडून ढग येतायत, मॅडम. तुमच्यासारखेच, गप्प गप्प." — आणि तिच्या तोंडून खरं निघेना. एक दिवस, दोन दिवस... बघता बघता आठवडा गेला. तो बिचारा रोज शिडी चढत होता. सांगावं तर फोन बंद, न सांगावं तर आपण लबाड. आणि फोन बंद झालेला तिला चालणार नव्हता, हे तर आता स्वतःपासूनही लपत नव्हतं.

शनिवारी तिनं हिय्या केला.

"ऐका ना... चूक मला पहिल्याच दिवशी सापडली होती. उगीच राबवलं तुम्हाला. मला — तुमचा फोन यायला हवा होता, म्हणून."

 

"मॅडम," तो म्हणाला, "मेसेज दुसऱ्या दिवसापासूनच बरोबर येतायत. आणि इथलं काम तर बुधवारीच संपलं."

"मग रोज कुठल्या छपरावर चढत होतात?"

"याच छपरावर. म्हातारी विचारते, काम झालं ना रे? मी म्हणतो, एक फोन राहिलाय..."

तिनं लॅपटॉप मिटला.

"उतरा खाली," ती म्हणाली. "मी येतेय."