पाण्याआधी सांगितलेलं नाव

शेकोटीत आणखी एक ओंडका टाका रे कुणीतरी, आणि ते दार नीट लावून घ्या. घंटांचा आजचा सराव तुम्ही असा काही केलात की मेलेलेसुद्धा कानात बोटं घालून बसले असतील. हसा, हसा. या हॅल्डरबीच्या चर्चमध्ये घंटा वाजवायला येता, पण आवाराच्या उत्तर बाजूला कधी फिरकलात का? नसालच. तिकडे एकही दगड नाही, नुसतं गवत. कीथ पॉकलिंग्टन फिरकला होता. त्याचीच गोष्ट सांगतो.

कीथ आणि मी एकाच मालकाकडे नळाची कामं करायचो. कीथ खोटं बोलणाऱ्यातला नव्हे. त्याची बायको, देव तिचं भलं करो, म्हणायची, खोटं बोलायला डोकं लागतं. ती गेली, नोकरी संपली, आणि कीथला पूर्वजांचं वेड लागलं. सकाळ-संध्याकाळ कॉम्प्युटरवर चर्चच्या जुन्या नोंदी चाळायच्या. कोण कधी जन्मलं, कुणाशी लग्न लागलं, कुठे पुरलं. शेजारी आजारी पडला तर पत्ता नाही, पण दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसांना कुठला ताप आला होता ते तोंडपाठ.

त्यातच त्याला केझाया सापडली. त्याच्या खापरपणजीची आई. शेतमजुराची बायको, डझनभर बाळंतपणं निभावून नव्वदीपर्यंत जगलेली. कीथची एकुलती एक लेक जॅनीन तेव्हा दिवसांत होती. तिची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, त्यामुळे या खेपेला घरात कुणी मोठ्याने शिंकतसुद्धा नव्हतं. मुलगी आहे हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा जॅनीन म्हणाली, "बाबा, नाव केझायाच. अशी चिवट बाई हवी हिच्या पाठीशी."

आता, आपल्या भागातल्या जुन्या बायका बाळाचं नाव बाप्तिस्म्याचं पाणी पडेपर्यंत तोंडातून काढायच्या नाहीत; म्हणायच्या, आधी कुणी ऐकलं तर ते नाव दुसरंच कुणी उचलून नेतं. तुमच्या आज्यांना विचारा. जॅनीन शिकलेली पोरगी, एरवी अशा गोष्टींना नाक मुरडणारी. पण दोनदा हात पोळलेला माणूस सगळं पाळतो.

"तू, मी आणि मार्टिन," ती म्हणाली. मार्टिन म्हणजे तिचा नवरा. "चौथ्या कानाला कळलं तर तुझ्याशी कायमची कट्टी."

"अगं, मी कशाला कुणाला सांगू?"

"तू? तू बसची वाट बघणाऱ्यालासुद्धा पणजोबा ऐकवतोस, बाबा!"

कीथने शपथ घेतली.

एकोणीस डिसेंबर, सोमवार. केझायाच्या कबरीचा फोटो बाळाच्या खोलीत लावायचा म्हणून कीथ लिंकनहून गाडी घेऊन इथे आला. चर्चसमोर हिल्डा मॉल्टबी राहायच्या, चर्चची देखभाल त्यांच्याकडे होती. त्यांनी चहा दिला, नाताळचा केक दिला.

"तुझी केझाया दक्षिणेला, त्या मोठ्या झाडाखाली," त्या म्हणाल्या. "फोटो काढ आणि सूट."

"आणि उत्तरेला कोण आहे?"

"उत्तरेला कुणी नाही. म्हणजे आहेत, पण नावाचे कुणी नाहीत. पाणी पडायच्या आधी गेलेली पोरं, जीव दिलेली माणसं. पाद्री त्यांच्यासाठी दोन शब्दही बोलायचे नाहीत. तिकडे तुझं काय अडलंय?"

"काही नाही. आपलं विचारलं."

चार वाजले नाहीत तोच दिवस विझला. फोटो झाला होता, गाडी फाटकाशी होती. सरळ निघायचं की नाही? पण या पूर्वज शोधणाऱ्यांना एक कोपरा बघायचा राहिला तर जेवण जात नाही. चर्चला वळसा घालून कीथ उत्तरेला गेला.

गवतात एक बाई गुडघ्यांवर बसली होती. डोक्यावरून शाल. हातांनी गवत बाजूला सारून काहीतरी बघत होती.

कीथला वाटलं, आली आपल्यातलीच एक. या मंडळींचं तसंच असतं. दोन अनोळखी माणसं कबरस्तानात भेटली की हवापाण्याच्या आधी पूर्वज निघतात. त्याने लांबूनच विचारलं, "काय हो, कुणाला शोधताय?"

"माझ्या मुलीला," ती म्हणाली.

यात कीथला काही खटकलं नाही. तोही 'माझी केझाया' असंच म्हणायचा. त्याने सवयीने विचारलं, "नाव काय?"

"नाव नाही." तिने मान वर केली नाही. "द्यायच्या आधीच गेली. पाद्री म्हणाले, आता देता येणार नाही."

कीथला जॅनीनची ती दोन बाळं आठवली. त्यांनाही कुणी नाव दिलं नव्हतं. इस्पितळातून जॅनीन रिकाम्या हाताने गाडीत येऊन बसली होती, आणि बाप असून त्याला एक शब्द सुचला नव्हता. या बाईला तरी काहीतरी बोलावं, असं त्याला फार वाटलं.

"सापडेल हो," तो म्हणाला.

"कशी सापडेल? नाव नाही, तर हाक कशी मारू?"

...आणि कीथ बोलला. माया म्हणा, जिभेची खाज म्हणा.

"आमच्याकडे येतेय एक, फेब्रुवारीत. तिच्यासाठी आम्ही जुन्यातलंच नाव काढलंय. केझाया. गोड आहे की नाही?"

बाईचे हात थांबले.

"केझाया," ती म्हणाली.

मग गवताकडे वळून, जरा मोठ्याने... "केझाया..."

वारा नव्हता. रस्त्यावर गाडी नव्हती. काहीच नव्हतं.

आणि गवतातून कुणीतरी हुंकार दिला.

तान्हं मूल देतं तसा.

कीथ पळाला. गाडीपाशी पोचला तेव्हा खिशातला फोन वाजत होता. मार्टिन होता. जॅनीनला कळा लागल्या होत्या. सात आठवडे आधी.

मूल त्याच रात्री झालं. जगलं. पण रडलं नाही. काचेच्या पेटीत डोळे उघडे ठेवून पडलेलं असायचं, नर्स म्हणायच्या, इतकं शांत बाळ आम्ही पाहिलं नाही. जॅनीनने एकदाच विचारलं, "बाबा, तू कुणाला सांगितलं नाहीस ना?"

कीथ म्हणाला, "नाही."

बायको चुकली होती. डोकं नसतानाही खोटं बोलता येतं.

बाळ घरी आलं. सरकारदरबारी नाव लागायच्या आधी बाप्तिस्मा उरकायचा, आणि तो इथेच, केझायाच्या चर्चमध्ये, असा जॅनीनचा हट्ट. जानेवारीचा शेवटचा रविवार, भर दुपार. गॉडफादर, म्हणजे बाळाचा धर्मपिता, कीथ. दगडी पात्रात पाणी ओतलं. पाद्रीबाईंनी बाळाला हातावर घेतलं आणि रीतीप्रमाणे कीथला म्हणाल्या, "या मुलीचं नाव सांगा."

कीथने तोंड उघडलं.

...

नाव नव्हतं. विसरला नव्हता तो. तोंडात होतं, पण बाहेर येईना. घशावर थंड बोट ठेवल्यासारखं. पाद्रीबाई थांबल्या. मार्टिनने खाकरून स्वतः सांगायला घेतलं... त्यालाही जमेना.

जॅनीनने बापाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तिला सगळं कळलं.

"नाव माझ्या आईचं," ती म्हणाली. आवाज फुटत होता. "मॉरीन."

पाणी पडलं, आणि बाळ रडलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा. अख्खं चर्च हसलं, रडलं, हिल्डाबाई तर हुंदके देत होत्या. जॅनीन बाळाला घेऊन पहिल्या बाकावर बसली, तिला दूध पाजलं, आणि बापाशी एक शब्द न बोलता निघून गेली.

कीथ मागे राहिला. हिल्डाबाईंना खुर्च्या लावायला मदत करत होता. त्याने हाक मारली म्हणून मी आत गेलो. हो, मी तिथेच होतो. म्हणून सांगतोय.

फरशीवर ओली पावलं होती. बाईची, अनवाणी. पाण्याच्या पात्रापासून निघालेली. थेट पहिल्या बाकापर्यंत गेलेली. जॅनीन जिथे बाळाला घेऊन बसली होती, तिथे दोन्ही पावलं जोडून उभी होती. बोटं बाकाकडे.

आम्ही कंदील... आपलं, फोनचा दिवा घेऊन सगळी फरशी पाहिली. दारापर्यंत पाहिली.

तिथून परत गेलेलं एकही पाऊल नव्हतं.