मनात धरलेला आकडा

धर्मेश तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होता, पण चिंचणीच्या किनाऱ्यावर त्याची ओळख ‘कोडीवाला’ अशीच. सुट्टीच्या दिवशी दुपार कलली की तो बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांपाशी जाऊन बसे आणि तिथल्या बायकांना आकड्यांत गुंतवून ठेवी. त्याही हसत हसत त्याच्या नादी लागत.

त्या दिवशी त्याने जुनंच कोडं घातलं. मनात एक आकडा धरा, दुप्पट करा, दहा मिळवा, निम्मे करा आणि धरलेला आकडा वजा करा. कुणी काहीही धरो, उत्तर पाचच. सगळ्यांचं पाच आलं. जमुनाचं चार आलं.

कुठेतरी चुकलं असेल म्हणून त्याने तिला मोठ्याने करायला लावलं. तिने सहा धरले होते. दुप्पट बारा, दहा मिळवून बावीस, निम्मे अकरा.

“त्यातून सात गेले,” ती म्हणाली, “चार.”

“सहा धरलेत ना, वहिनी?”

“आमच्या बोटीवर जेवढी माणसं, तेवढे धरले.” तिने समुद्राकडे पाहिलं. बोट अजून दिसतही नव्हती. “तेव्हा सहा होती. आता सात आहेत.”

कुणी हसलं नाही. हे तुम्हाला कसं कळलं, असं धर्मेशने दोनदा विचारलं. ती बोंबील उलटत राहिली.

सूर्य टेकला तशी बोट लागली. माणसं गुडघाभर पाण्यातून चालत आली. धर्मेशने उठून मोजली. सात. पुन्हा मोजली.

जमुनाचा नवरा काळू बोटीचा तांडेल, बोटीवरचा प्रमुख. वाटेत कुणाला घेतलं का, असं त्याला विचारलं, तर तो सरळपणे म्हणाला, “गेलो तेवढेच आलो, भाऊ. सहा.”

बायकांनी आपापला माणूस गाठला, टोपल्या उचलल्या, सगळे घराकडे वळले.

एकजण मागे राहिला. चेहरा पाहिल्यासारखा वाटत होता, नाव आठवेना.

धर्मेश झपाझप निघाला. मागून ओली पावलं येत होती. जवळ नाही, लांबही नाही. त्याने वळून पाहिलं नाही.

लग्न झाल्यापासून घरात तो आणि बायको भाविनी, दोघंच.

भाविनी पोळ्या लाटत होती. मान वर न करता तिने विचारलं, “दोघांनी एवढा उशीर का लावला?”

ताटं तीन मांडलेली होती.

तो माणूस धर्मेशच्या बाजूने आत गेला, मोरीत पाय धुतले, दाराआडच्या खिळ्यावरचा टॉवेल काढला. धर्मेशचा नव्हे, त्याशेजारी टांगलेला दुसरा. धुऊन धुऊन विटलेला, कोपऱ्याला भाविनीच्या हातचं ठिगळ.