शर्वरीची चाल

तिशी ओलांडली की माणसं चालपेढीत जाऊन आपली चाल नोंदवून ठेवत, त्या काळातली ही गोष्ट. पुढेमागे अर्धांगाचा झटका आला किंवा कण्याला इजा झाली, तर ही नोंद कामी येई. तिला 'चालठसा' म्हणत. रूपाली आरवाडेंनी मात्र ते कधी मनावर घेतलं नाही. सदुसष्टाव्या वर्षी त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हा मिरजेच्या चालपेढीत त्यांचा ठसाच नव्हता.

त्यानंतर तीन वर्षं थोरली मुलगी शर्वरी त्यांचं सगळं करत होती. बदली मागून ती मिरजेला परत आली होती. आईला उठवणं, न्हाऊ घालणं, कूस बदलून देणं हे सगळं तीच करी. धाकटी केतकी नॉर्वेत असे. दर रविवारी तिचा व्हिडिओ फोन येई, आणि त्याआधी आई शर्वरीकडून केस विंचरून घेई. एरवी तिला केसांची आठवण नसे. शर्वरी मुकाट्याने वेणी घाली.

मग उसना ठसा वापरायची सोय निघाली. चालपेढीच्या डॉ. नाझनीन मुजावर यांनी शर्वरीला ती समजावून सांगितली. चालणं म्हणजे खरं तर पडणं आणि सावरणं. शरीराचा तोल बेंबीच्या जरा खाली एका बिंदूवर सांभाळलेला असतो. पाऊल टाकताना आपण तो बिंदू पुढे झोकून देतो, आणि पडायच्या आत दुसरा पाय येऊन शरीराला झेलतो. तेवढ्या वेळात टेकलेल्या पायाच्या खुब्याचे स्नायू कंबर एका बाजूला कलंडू देत नाहीत, आणि उचललेल्या पायाचा घोटा बोटं वर धरतो. कुठल्या स्नायूने कधी आणि किती ओढायचं, याची लय म्हणजे चालठसा. ती लय कण्यात बसवलेल्या नखाएवढ्या चकतीतून पायांना देता येते. स्वतःची नसेल तर रक्ताच्या नात्यातल्या माणसाची चालते, कारण हाडांची मापं जुळतात.

"पण घरातच महिनाभर नोंद करावी लागेल, शर्वरीताई," डॉक्टर म्हणाल्या. "माणूस सगळीकडे सारखं चालत नाही. ओल्या मोरीत वेगळं चालतो, उंबऱ्यावर वेगळं. आईंना ज्या घरात फिरायचंय, तिथलाच ठसा हवा."

दोघी बहिणींची मापं तपासली. शर्वरीची आईशी शंभरात एक्याऐंशी जुळली, केतकीची चौऱ्याण्णव. ऐंशीच्या वर कुठलीही चालेल, फक्त शर्वरीचा ठसा घेतला तर कंबर लवकर दमेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

शर्वरीला तो आकडा झोंबला. लहानपणापासून नातेवाईक म्हणत आले होते, केतकीने आईची चाल उचललीय. आता ते यंत्रानेही सांगितलं. तीन वर्षं जिने आईचा भार खांद्यावर पेलला तिची मापं कमी पडली, आणि महिनाभर येऊन ही आईला चालवून जाणार. मग आई मरेपर्यंत तिच्या पायांत केतकी.

केतकी यायला तयार होती, तिकीटही बघून ठेवलं होतं. शर्वरीने तिला कळवलं की येऊ नकोस, माझीच मापं जास्त जुळली. आईलाही तेच सांगितलं. आईने फक्त मान डोलावली.

महिनाभर शर्वरी कमरेला आणि घोट्यांना पट्टे बांधून घरात वावरली. पट्टे तिच्या लक्षातही राहिले नाहीत, इतकी कामं होती. पुढच्या महिन्यात आईच्या कण्यात चकती बसली, आणि सहा आठवड्यांच्या सरावानंतर आई काठीशिवाय स्वयंपाकघरापर्यंत गेली. केतकी फोनवर बघत होती. डोळे पुसत ती म्हणाली, "आई, तू अगदी ताईसारखी चालतेस गं." शर्वरीला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा आपण जिंकलो.

थोड्याच दिवसांत एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. घरभर नीट फिरणारी आई स्वतःच्या खोलीच्या दारात अडखळे. पाऊल अर्धंच पडे, भार टाचेवर मागे जाई, आणि मगच ती आत येई. असं प्रत्येक वेळी. शर्वरीने डॉक्टरांना फोन केला, चकती बिघडली का विचारलं. डॉक्टरांनी मूळ नोंद काढून पाहिली. चकती ठीक होती. महिन्याभरात शर्वरी त्या दारातून सातशेच्या वर वेळा आत गेली होती, आणि दर वेळी अशीच थांबली होती. सुमारे अर्धा सेकंद. हवं तर तेवढा भाग पुसता येईल, पण तसं आईंनी सांगायला हवं, असं त्या म्हणाल्या.

शर्वरी खोलीत गेली तेव्हा आई पलंगाच्या कडेवर बसली होती. शर्वरीने काही विचारायच्या आत आईच म्हणाली, "या दारात पाय मागे ओढतो माझा. आत येऊच नये असं वाटतं. तुला असं वाटायचं होय, शरू?"

शर्वरीला खोटं बोलता येईना. मग तिने दुसरंही सांगून टाकलं. मापं केतकीची जास्त जुळली होती, मी लपवलं, अजून तिला बोलावता येईल.

"ते मला ठाऊक होतं," आई म्हणाली. "सही घेताना डॉक्टरांनी दोन्ही आकडे दाखवले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"केतकी पाहुणी. तू रोज माझ्याजवळ. मला वाटलं, तुझी चाल मला जास्त मायेनं चालवेल."

शर्वरी खाली मान घालून उभी राहिली. आईने तिच्या हातावर थोपटलं, चहा टाकते म्हणाली आणि उठली. शर्वरीने वर पाहिलं. खोलीतून बाहेर पडताना आईचं पाऊल कुठेही अडलं नाही. सुटका झाल्यासारखी, हलक्या पायांनी, ती शर्वरीच्या चालीने झपाझप निघून गेली.