सुबोधच्या लिपीची मागणी

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडवर माझे घर आहे. बाल्कनीला काचा लावून केलेल्या अरुंद खोलीत एक जुना संगणक सतत चालू असतो. त्यावर माझा बुलेटिन बोर्ड आहे. इंटरनेट घरोघरी येण्यापूर्वी हौशी लोक टेलिफोनच्या तारेवरून असे बोर्ड चालवीत. कोणी फोन लावून आत येई, निरोप वाचे, एखादी फाइल उतरवून घेई आणि जाई. आता तारेची जागा इंटरनेटने घेतली आहे. माणसे उरली आहेत ती, सगळ्या जगातली मिळून, एका लग्नाच्या मांडवात मावतील एवढी. टेलिफोन खात्यात इंजिनिअर म्हणून हयात घालवलेल्या माणसाला हा छंद जडावा आणि सुटू नये, यात मला तरी काही विचित्र वाटत नाही.

एका बोर्डाने दुसऱ्याकडे फाइल मागण्याची आमच्यात एक रीत आहे. माझा संगणक दुसऱ्याला साद घालतो, त्याच्या हाती फाइलचे नाव ठेवतो आणि थांबतो. फाइल असली तर त्याच भेटीत येते. नसली तर दुसरा ‘नाही’ म्हणत नाही, नुसता दुवा तोडतो. या रीतीतला उद्धटपणा मला पूर्वी कधी जाणवला नव्हता. त्या वर्षी मात्र मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन पडद्यापुढे बसे, कोणी कोणी दुवा तोडला ते वाची, आणि कप तसाच गार होई.

मी मागत होतो त्या फाइलचे नाव ‘सुलिपी’.

सुबोध माझा मित्र. विक्रोळीच्या एका कारखान्यात तो यंत्रांचे आराखडे काढी. त्याचे वडील गुणाजी मालवणाकडून येऊन गिरणीत लागलेले. नोकरी सांभाळून सुबोधने वडिलांवर एक पुस्तक लिहिले, तेही स्वतः बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये. त्या काळी संगणकावर मराठी लिहायचे तर प्रत्येकाला आपली सोय आपणच करावी लागे. सुबोधने प्रत्येक अक्षराला एक आकडा दिला होता, आणि प्रोग्रॅम सुधारत जाताना दर प्रकरणाला ते आकडे बदलले होते. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे फक्त ‘सुलिपी’ला ठाऊक. इतरांनाही मराठी लिहिता यावे म्हणून त्याने ती फाइल काही बोर्डांवर ठेवली होती.

सुबोध गेला. त्याच्या संगणकातली डिस्क बंद पडली. माझ्याकडच्या ‘सुलिपी’च्या फ्लॉपीवर बुरशी चढली. पुस्तकाच्या फ्लॉपी तेवढ्या वाचल्या, पण उघडल्यावर दिसे तो आकड्यांचा चुरा. कोणता आकडा किती वेळा येतो हे मांडून अक्षरे ओळखण्याचा खटाटोपही मी करून पाहिला. जरा कुठे एखादा शब्द हाताशी येतो न येतो, तोच प्रकरण संपे आणि आकडे बदलत.

हा नाद मी सोडूनही दिला असता. परंतु सुबोधच्या पत्नीचे, मृणालिनीवहिनींचे, डोळे जात होते. नजरेच्या मधोमध एक डाग पडतो आणि तो पसरत जातो, असा तो आजार. समोरच्या माणसाचे कान दिसतात, खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. कडेच्या नजरेने, मोठ्या अक्षरांत, त्या अजून वाचू शकत होत्या. दिवाळीनंतर तेही जमणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

“फाइल मिळू दे, वहिनी,” मी त्यांच्या कन्नमवार नगरच्या घरी बसून म्हटले होते, “डोळ्यांना ताण नको. मी रोज येऊन वाचून दाखवीन.”

“नको हो भावजी. तुम्ही वाचताना दुरुस्त करता.”

“मी?”

“हं, तुम्ही. ह्यांनी सोसायटीला लिहिलेला अर्ज वाचून दाखवलात ना, त्यात निम्मे शब्द तुमचे होते. हे आत बसून हसत होते.” त्या माझ्या डाव्या कानाकडे पाहून बोलत होत्या. “मला ह्यांनी लिहिलंय तस्संच वाचायचंय. माझ्या डोळ्यांनी. आहेत तोवर.”

हा स्वभाव मी नाकारीत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. वाक्य ही बांधायची वस्तू आहे, सांडायची नव्हे, असे माझे ठाम मत आहे. सुबोध जसे बोले तसे लिही, मालवणी शब्द ऐटीत मध्येच आणून बसवी. त्यावरून आमचे वर्षानुवर्षे वाद झाले. त्याच्या पुस्तकाचे पहिले वाक्य वहिनींना पाठ होते, कारण ते लिहिल्यावर तो घरभर म्हणत फिरला होता: ‘बाबा गेले. खाडीचा वास मात्र घरातच रवला.’ राहिला नव्हे, रवला.

चारकोपला सेक्टरमधल्या घरातून हर्षद असाच एक बोर्ड चालवतो. माझ्याहून वयाने बराच लहान. त्याचा फोन आला.

“काका, सगळ्यांकडे मागून झालं ना? नाहीये यार कुणाकडे. सोडा आता.”

“‘नाही’ असं कोणीही म्हटलेलं नाही. सगळे नुसता दुवा तोडतात.”

“म्हणजे नाहीच ना!”

“मौन म्हणजे नकार, हे कोणत्या तर्कात बसतं?”

“वाट लागली. आता मशीनशी पण भांडणार तुम्ही?” तो हसला. “बरं, एक करा. मागणी काढू नका, लावूनच ठेवा. ज्याची मशीन उठेल तो देईल.”

मी मागणी तशीच लावून ठेवली. आठवडे गेले. पाऊस ओसरला. काही बोर्ड तर माझा पत्ता पाहताच दुवा तोडू लागले, भिक्षेकऱ्याला पाहून खिडकी लोटावी तसे. नवरात्राच्या एका दुपारी, गच्चीवर कोणी तरी टाकीचा नळ दुरुस्त करीत ठोकाठोक करीत असताना, ‘सुलिपी’ आली.

आनंद क्षणभर टिकला. ती कोणी दिली हे पाहून आभाराचा निरोप धाडावा म्हणून मी नोंद उघडली. पाठवणाऱ्या बोर्डाचे नाव माझ्या बोर्डाचे होते. पत्ताही माझाच.

“काका, तुम्ही स्वतःलाच कॉल लावलात,” हर्षद फोनवर खदखदून हसला. “क्लासिक! मागणीत स्वतःचाच पत्ता टाकलात.”

“तसा टाकला असता तर माझ्याच डिस्कवर फाइल असायला हवी होती. ती नव्हती, म्हणूनच मी मागत होतो.”

“असेल कुठल्यातरी फोल्डरमध्ये.”

“नाही.”

“तुम्ही आणि तुमचं ‘नाही’! मिळाली ना फाइल? झकास. वहिनींना नेऊन द्या.”

या एका मुद्द्यावर तो बरोबर होता. मी पहिले प्रकरण अक्षरांत उतरवले, न वाचताच, कारण ते आधी वहिनींनी वाचावे असे मला वाटत होते. ते पेन ड्राइव्हवर घेऊन बसने हमरस्त्याने कन्नमवार नगर गाठले. वहिनींच्या मुलाने, मुकुलने, परदेशी जाण्यापूर्वी त्यांना मोठा पडदा घेऊन दिला होता. पडद्यावर एका वेळी एकच ओळ मावेल एवढी अक्षरे मोठी केली. वहिनींनी मान तिरकी केली आणि बोट हवेत धरून वाचू लागल्या.

“वडिलांच्या… निधनानंतर… खाडीचा गंध… घरात रेंगाळत राहिला.”

बोट खाली आले.

“भावजी, हे ह्यांचं नाही.”

“वहिनी, मी एका अक्षरालाही—”

“निधन? ह्यांच्या तोंडी निधन?” त्या पडद्याकडे पाठ करून बसल्या. “मी तुम्हाला एवढंच मागितलं होतं. एवढंच. मेलेल्या माणसाचं तरी सोडायचं होतंत.”

मी शपथा घेतल्या. पुरावे मांडले. जितके नेमके बोलत गेलो तितका मी खोटा वाटू लागलो, हे मलाही कळत होते. त्यांनी चहा विचारला नाही. जिना उतरताना खालच्या मजल्यावर कोणी सुकट भाजत होते आणि मला संताप आला होता. तो कोणावर काढावा हे मात्र कळत नव्हते.

बसमध्ये खिडकीशी बसून मी ते वाक्य पुन्हा पुन्हा उलगडले. तसे ते वाईट नव्हते. फक्त ‘रेंगाळत’ ढिले होते. गंध रेंगाळत नाही, दरवळतो. हा विचार माझ्या मनात ऐरोलीच्या वळणाशी आला, हे मला पक्के आठवते, कारण त्याच क्षणी मला स्वतःची चीड आली होती.

घरी येऊन मी मूळ फ्लॉपी लावली आणि पहिल्या वाक्याचे आकडे पाहिले. सुबोधचे वाक्य बसेल एवढेच आकडे तिथे होते. पडद्यावरचे वाक्य त्याहून लांब होते. तेवढ्या आकड्यांतून तेवढी अक्षरे निघूच शकत नव्हती. बिघाड ‘सुलिपी’त असणार, असा निष्कर्ष काढून मी तिची नव्याने मागणी केली. या वेळी पत्ता मुद्दाम हर्षदचा घातला, एकेक आकडा बोटाने तपासून.

फाइल लगेच आली. माझ्याच पत्त्यावरून.

प्रकरण पुन्हा उतरवले. पहिली ओळ समोर आली: ‘वडिलांच्या निधनानंतर खाडीचा गंध घरात दरवळत राहिला.’

मी खुर्ची मागे सरकवली. बसमधला तो विचार मी कोणाजवळ बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोर्ड बंद केला. संगणकाची तार भिंतीतून काढली, इंटरनेटची वायर काढून गुंडाळून ठेवली. पंखा थांबल्यावर खोलीत जी शांतता पसरली तिची मला सवय नव्हती. दुपारी हर्षदचा फोन आला.

“काका, पुरे ना आता. सकाळपासून तुमचा बोर्ड माझ्या मागे लागलाय.”

“माझा बोर्ड बंद आहे.”

“कसला बंद? हा बघा, आत्ता आला पुन्हा. ‘मूळ’ नावाची फाइल मागतोय.”

“अशी फाइल तुझ्याकडे आहे?”

“नाही. म्हणजे नव्हती.”  मागे त्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली. “पण इथे दिसतंय की मी दिली. आणि दिली ती तुमच्याकडून उचलून.” मग, हसण्याचा प्रयत्न करीत, “काका, तुम्ही मस्करी करताय ना? करताय ना?”

मी फोन ठेवला. तार जोडून संगणक सुरू केला, इंटरनेटला हात लावला नाही. पुस्तकाची पहिली फ्लॉपी आत सारली. दुसरी सारली. मग उरलेल्या सगळ्या. एकीवरही काही नव्हते. पुसल्याची खूणही नव्हती. नव्या कोऱ्या फ्लॉपीसारख्या त्या निर्मळ होत्या.

वहिनींना हे सांगणे भाग होते. त्यांचे डोळे असेपर्यंत जे त्यांना द्यायचे होते ते आता जगात कुठेच उरले नव्हते, आणि हे त्यांना माझ्याच तोंडून कळावे, निदान एवढा प्रामाणिकपणा माझ्याकडून घडावा असे मला वाटत होते. बसची वाट पाहण्याचा धीर नव्हता. मी रिक्षा केली. हमरस्त्याला खारफुटीवरून येणारा वारा होता. रिक्षावाला काही तरी बोलत होता. मी मनात वाक्ये जुळवीत होतो आणि मोडत होतो.

कन्नमवार नगरात ऊन कलले होते. मैदानात मुले टेनिसच्या चेंडूने खेळत होती. मी जिना चढून बेल वाजवली.

वहिनींनी दार अर्धे उघडले. त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांत मी पाहिला नव्हता इतका निवांत होता. त्या माझ्या खांद्याकडे पाहत होत्या.

“कोण पाहिजे?”

“वहिनी, मी. नंदकिशोर.”

त्यांच्या कपाळावर आठी पडली. आवाज ओळखीचा वाटून माणूस ओळखू येऊ नये, तशी.

“भावजी तर आत आहेत,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “दुपारीच आलेत. तुम्ही त्यांच्या घरचे का? आवाज अगदी त्यांच्यासारखा आहे.”

मी दाराकडे एक पाऊल टाकले.

“जरा थांबाल का? ह्यांचं पुस्तक वाचून दाखवतायत मला. म्हटलं, डोळ्यांना आता सोसवत नाही, वाचा तुम्हीच.” त्या हसल्या. “माझा विश्वासच नव्हता हो त्यांच्यावर. पण ह्यांनी लिहिलंय तस्सं वाचतायत. एक शब्द इकडचा तिकडे नाही.”

आतून आवाज येत होता.

तो संथ होता, प्रत्येक विरामाचा मान राखणारा. माझ्या ओळखीचा होता, जसा आपला आवाज आपल्याला ध्वनिमुद्रणात ओळखू येतो, थोड्या नाराजीने.

“बाबा सुट्टीच्या दिवशी खाडीवर जायचे,” तो वाचत होता. “मासो गावला तर हसायचे. नाय गावला तर जास्त हसायचे.”

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. त्या रडत नव्हत्या. सुखावल्या होत्या.

मी दाराच्या चौकटीला हात टेकून उभा होतो.  मनातल्या मनात मी ‘गावला’ काढून तिथे ‘सापडला’ ठेवून पाहिले.

आतला आवाज थांबला.