नखभर वाकडं दार

फ्रीज बसवायला निघालेला माणूस मनात भूतबीत धरून निघत नाही. वेंडेलिन क्राउटर तर नाहीच नाही. बीबराख गावात आणि आसपासच्या खेड्यांत लोकांची स्वयंपाकघरं बसवून देण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. या काळात कपाटांच्या मागे त्याला उंदीर सापडले, एक सोन्याचा दात सापडला, एकदा तर बायकोवर रुसून बसलेला नवरा सापडला. मेलेलं असं कुणी सापडलं नव्हतं.

नोव्हेंबरातली दुपार होती. धुकं इतकं दाट, की चर्चची घंटासुद्धा ओली होऊन ऐकू येत होती. हमाल नवा फ्रीज हाबरमानबाईंच्या स्वयंपाकघरात उभा करून निघून गेले आणि वेंडेलिनने हत्यारांची पिशवी उघडली.

वालबुर्गा हाबरमान नुकत्याच या तळमजल्यावरच्या घरात राहायला आल्या होत्या. गुडघे गेले, खेड्यातल्या घराचा जिना चढवेना, लेकीने हट्ट धरला. येताना रिवाजाप्रमाणे स्वयंपाकघर मुळासकट उपटून बरोबर आणलं होतं. ओटा, कपाटं, सिंक, नळ, सगळं. त्या मुलखात घर सोडणारा माणूस भिंतीत नुसती पाइपांची तोंडं ठेवून जातो. तर सगळं आलं, फक्त जुन्या फ्रीजने ट्रकमध्ये प्राण सोडला. त्याच्या जागी उभ्या कपाटात माणूस उभा राहील एवढा अंधारा खण तेवढा उरला होता.

"हे कपाट कुणी केलंय?" वेंडेलिनने लाकडावरून हात फिरवला. नासपातीचं लाकूड होतं, आणि जोड कुठे आहे ते बोटाला कळत नव्हतं.

"माझ्या नवऱ्याने, किलियानने," बाई म्हणाल्या. "सुतार होता. जाऊन बरीच वर्षं झाली."

"हात होता हो माणसाला."

"तोंडही होतं. त्याच्यासमोर कुणी वाकडा खिळा मारला तर जेवायचा नाही."

वेंडेलिनने फ्रीज खणात सरकवला, पाणसळ लावून पाय खालीवर केले, कडेचे स्क्रू आवळले. मग खरं नाजूक काम आलं. असल्या फ्रीजला स्वतःचं पांढरं दार असतं, आणि त्यावर कपाटाचं लाकडी दार चढवायचं असतं. काम जमलं, तर कपाटांच्या रांगेत फ्रीज कुठला ते पाहुण्याला ओळखू येत नाही. लाकडी दार खालीवर, आतबाहेर करायला बारीक नट असतात, पण ते दाराच्या आतल्या अंगाला. दार उघडल्याशिवाय त्यांना पाना लागत नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं समजेल.

त्याने दार चढवलं, उघडलं, नट फिरवला, मिटलं, एक डोळा झाकून पाहिलं, पुन्हा उघडलं. शेवटी शेजारच्या दाराशी फट अशी जुळली, की वरून खालपर्यंत पोस्टकार्ड फिरवावं. तो मागे सरकला आणि हात पुसत उभा राहिला. गिऱ्हाइकाने या वेळी वाहवा म्हणायची असते.

"छान झालंय," हाबरमानबाई म्हणाल्या. "आता जरा वाकडं करा."

वेंडेलिनला वाटलं, बाई थट्टा करताहेत. बाईंचा चेहरा थट्टेचा नव्हता.

"वाकडं?"

"थोडंसं. नखभर."

"बाई, मी श्वाबियातला मिस्त्री आहे, आमच्या मुलखात वाकडं काम म्हणजे पाप. तुम्ही म्हणालात तर घर पाडून देईन, पण वाकडं दार... उद्या गावात कुणी पाहिलं तर?"

"माझ्याकडे कोण येतंय पाहायला?" बाई खुर्चीवर बसल्या. दोन्ही हात मांडीवर धरले. मग हळूच म्हणाल्या, "तो गेल्यानंतर आठवडाभराने सुरू झालं. मी रात्री चमचा आडवातिडवा टाकायची, सकाळी तो सरळ. कपांचे कान सगळे एकीकडे. तसबीर मुद्दाम तिरकी करायची, कपडे वाळत घालून येईपर्यंत ती नीट. आधी भ्याले. मग सवय झाली. मग... मिस्त्री, सवय झाल्यावर तीच सोबत होते हो."

"आणि इथे?"

"इथे आल्यापासून काही नाही. चमचा जिथे टाकते तिथेच. लेकीला काय सांगू? गुडघ्यांपायी बापाला मागे टाकून आले म्हणू? स्वयंपाकघर आणलं, म्हटलं, त्याच्याबरोबर तोही येईल. हे सगळं त्याच्या हातचं आहे." त्यांनी दाराकडे पाहिलं. "चमच्याला नाही येत. पण या दारावर त्याचा जीव होता. हे वाकडं राहिलेलं त्याला बघवणार नाही. आणि बघवलं... तर तो नाहीच, हे तरी कळेल मला. मग वाट बघणार नाही."

वेंडेलिन भित्रा नव्हता, पण चौकस होता, आणि चौकस माणसाला भित्र्यापेक्षा लवकर फशी पाडता येतं. शिवाय त्याच्याकडे वेळ होता. ट्रकमधून हिंदकळत आलेला फ्रीज थोडा वेळ तसाच उभा ठेवायचा, यंत्रातलं तेल खाली बसू द्यायचं, मगच वीज जोडायची. त्याने पाना उचलला. हात तयार होईना. दोनदा नट फिरवला आणि दोनदा सवयीने परत सरळ करून ठेवला. शेवटी त्याने डोळे मिटले, चर्चमध्ये कबुली देताना मिटतात तसे, आणि नट पिळला. दार नखभर तिरकं झालं.

"देवा, माफ कर," तो म्हणाला.

"देवाला नाही, त्याला म्हणा," बाई म्हणाल्या आणि कॉफी ठेवायला उठल्या.

त्या दोघांनी दारासमोर बसून कॉफी घेतली, वेणीसारखा विणलेला गोड पाव खाल्ला. फ्रीजची वायर त्याच्या पायाशी वेटोळं घालून पडली होती. बाहेर धुकं खिडकीला नाक लावून उभं होतं. बोलणं संपलं. बाईंच्या कपातला चमचा एकदा वाजला, मग तोही नाही. बाईंची नजर दारावरून हलत नव्हती, आणि ती हळूहळू विझत चालली होती. काहीतरी बोलावं म्हणून वेंडेलिनने तोंड उघडलं.

कुर्र...

तो तसाच थांबला.

आवाज कपाटातून आला होता. बारीक. पुन्हा शांत. मग पुन्हा, कुर्र... आणि मध्ये थोडी उसंत. वेंडेलिनने तो आवाज जन्मभर ऐकला होता, स्वतःच्या हाताखाली. नट फिरवायचा, थांबून पाहायचं, फिरवायचा. लाकूड फुगताना असा आवाज होत नाही. लाकूड थांबून पाहत नाही.

तो चवड्यांवर उठला आणि त्याने दाराला कान लावला. आत कुणाचा श्वास नव्हता, हालचाल नव्हती. होता तो फक्त अगदी सावकाश चाललेला नट, कानापासून चार बोटांवर. त्याने दाराच्या मुठीकडे हात नेला.

"नको," बाई कुजबुजल्या. "काम करताना बोलावलेलं आवडत नाही त्याला."

"आतून... आतून कसं पोचतंय कुणी?"

"ते त्यालाच ठाऊक."

आवाज थांबला. दोघंही हलली नाहीत. मग बाईच पुढे झाल्या, त्यांनी वरून खालपर्यंत फटीवर बोट फिरवलं आणि दार उघडलं. आत रिकाम्या काचेच्या फळ्या, नव्या प्लॅस्टिकचा वास, आणि त्या वासाच्या खाली दुसरा एक, नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडाचा. बाईंनी तोंड आत घालून तो वास ओढून घेतला. त्यांचे खांदे हलत होते. हसताहेत की रडताहेत ते वेंडेलिनला मागून कळलं नाही.

त्याचं लक्ष नटांकडे होतं. तिरका केलेला नट जागेवर आला होता, ते ठीक. पण दार तिरकं करताना ज्याला त्याने हातही लावला नव्हता तो खालचा नटही पाव आटा फिरला होता. त्याने दार मिटलं, पोस्टकार्ड काढलं, फटीतून फिरवलं. मघाशी ते तळाशी किंचित अडकत होतं आणि त्याने तिकडे काणाडोळा केला होता. आता ते लोण्यातून जावं तसं गेलं.

"माझ्यापेक्षा चांगलं बसवलंय," तो म्हणाला. भीतीपेक्षा त्याला तेच जास्त लागलं होतं.

"त्याला सांगते," हाबरमानबाई डोळे पुसत म्हणाल्या. "खूश होईल. एरवी कबूल करत नाही, पण स्तुती आवडते त्याला."

त्याने वीज जोडली. फ्रीज घरघरला, दिवा लागला, आणि वेंडेलिन पिशवी उचलून बाहेर पडला. गाडी चालवताना त्याला चक्क हसू येत होतं.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. त्याची बायको रोसविता गायनमंडळाला निघाली होती, गळ्याला रुमाल गुंडाळत दारातच भेटली.

"आज सूर्य कुठे उगवला होता?" ती म्हणाली. "लग्नानंतर बसवलेलं ते दार. साऱ्या गावाची दारं सरळ करतोस आणि आपल्या फ्रीजचं फरशीला घासतंय, असं सांगून सांगून माझी जीभ झिजली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. सांगायचंस तरी, दुपारी येऊन करून गेलास ते."

"मी दुपारी आलो नव्हतो."

"बरं बरं. लाजू नकोस." ती गेली.

वेंडेलिनने स्वयंपाकघराचा दिवा लावला. त्याच्या फ्रीजचं दार फटीत फट जुळवून सरळ उभं होतं. त्याने पोस्टकार्ड काढलंसुद्धा नाही, डोळ्यालाच कळत होतं. तो तसाच स्टुलावर टेकला.

पहिला विचार भीतीचा आला नाही, शरमेचा आला. त्या बाईचा माणूस आपल्या मागोमाग इथे आला. वाकडं दार आपण केलं होतं, आपला हात त्याने ओळखला, आणि आपल्याच घरात जन्माचं वाकडं दार लटकलेलं. असल्या माणसाला राहवेल कसं? तिकडे बाई चमचा तिरका टाकून बसल्या असतील. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. पण मघाचे ते हलणारे खांदे त्याच्या डोळ्यांसमोरून जाईनात. त्याने फोन उचलला.

नंबर फिरवत असताना मागून आवाज आला. कुर्र... त्याच्याच कपाटातून. वेंडेलिनने वळून पाहिलं नाही.

"हाबरमानबाई, मी क्राउटर. माझ्या हातून एक घोटाळा झालाय. कसं सांगू... तुमचे किलियान... ते माझ्याकडे आलेत. मी त्यांना परत घेऊन येतो. कसं आणायचं ते माहीत नाही, पण आणतो. हवं तर माझं दार काढून तुमच्याकडे आणतो."

पलीकडे बाई हसल्या. मोकळं, पोटभर हसल्या.

"काय सांगता मिस्त्री? तो कुठे जातोय? तुम्ही गेल्यापासून दम नाही त्याला. सगळी कपाटं उघडून बसलाय. आत्ता सिंकखालचं दार चाललंय. धरू का फोन? ऐका."

खरखर झाली, आणि मग फोनमधून आलं, दुरून, पण स्वच्छ. कुर्र... उसंत... कुर्र... सावकाश, खात्रीच्या हाताचं.

मागचा आवाज थांबला.

हे घर वेंडेलिनने स्वतः बांधलं होतं. वीट न् वीट. या घरात अजून कुणी मेलं नव्हतं.

"मिस्त्री," बाईंचा आवाज आता हळू झाला होता. "तो थांबला हो. तुमच्याकडचं काही ऐकतोय वाटतं... तुमच्याकडे कोण आहे?"

फोनमध्ये शांत. खोलीत शांत. एका लाकडावर दोन अनोळखी सुतार यावेत आणि दोघांनीही हत्यार खाली ठेवून एकमेकांचा अंदाज घ्यावा, तशी ती शांतता होती.

मग अलीकडचा आवाज पुन्हा सुरू झाला. पण आता तो कपाटातून येत नव्हता, वेंडेलिनच्या अगदी पाठीशी येत होता.