'तळं'चा शेवटचा अंक

आलापल्लीच्या अलीकडे दिव्यानीची बस बंद पडली. अंक त्याच दुपारी जायचा होता आणि फोनला नेटवर्कची एक रेघ नव्हती. रस्त्याकडेला सागाच्या ओंडक्यांची रास होती. राशीवर एक तरुण फोन उंच धरून उभा...

"तिथं मिळते का हो नेटवर्क?"

"मिळते. पण एकाच माणसापुरतं," तो म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून त्यानं हात पुढे केला. "या... हळू."

वर दोघांना जेमतेम जागा. फाइल काही जाईना.

"एवढं काय धाडून राह्यल्या?"

"आमच्या नियतकालिकाचा अंक. उशीर झाला की वेबसाइटवाला टोमणे मारते. भलताच खडूस माणूस!"

"अस्सं? नाव काय त्याचं?"

"प्रफुल."

तो हसायला लागला. इतका, की तोल जाऊन तिच्याच खांद्याला धरावं लागलं. "मीच तो खडूस. म्हणजे तुम्ही दिव्यानी? स्वल्पविरामावरून माझं डोकं खाणाऱ्या?"

वर्षभर ईमेलवर भांडलेली दोन माणसं अशी समोरासमोर आली.

'तळं' हे गोड्या पाण्यातल्या माशांवरचं आंतरराष्ट्रीय नियतकालिक. चंद्रपूरच्या बापूराव सरांनी प्राध्यापकी संपल्यावर ते सुरू केलं. लेखकांकडून कुणी पैसे घेत नव्हतं, कामाचे कुणी देत नव्हतं. ब्राझीलच्या लुसियाबाई लेख निवडायच्या, केनियाचे ओटिएनो तपासायचे. प्रफुल, स्वतःही माशांचा अभ्यासक, ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमधून वेबसाइट सांभाळायचा. आणि दिव्यानी, मार्कंड्याजवळच्या डोमाभाऊंची पोर, जिच्या घरच्यांचं पिढ्यान् पिढ्या नदीत जाळं पडलं, ती कॉलेजातले तास उरकून लेखांची भाषा सुधारायची. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या गरीब संशोधकाला तिथं जागा होती, याचं तिला फार अप्रूप.

त्या दिवसानंतर दर रविवारी दोघं सरांच्या घरी भेटू लागली. हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"हा स्वल्पविराम काढला तर मासा मरते का?"

"मासा नाई, अर्थ मरते."

"अन् मी मेलो तर?"

"तर... अंक उशिरा निघंल," ती म्हणायची आणि मान खाली घालायची.

वीज केंद्राची राख तिच्या चष्म्यावर बसायची. तो न विचारता चष्मा काढून घ्यायचा, शर्टाच्या टोकानं पुसायचा आणि परत तिच्या डोळ्यांवर ठेवताना उगाच वेळ लावायचा.

पण 'तळं' आटत चाललं होतं. मोठ्या कंपन्यांच्या नियतकालिकांत छापलं तरच प्राध्यापकांना बढतीचे गुण मिळायचे. मग इथं लेख कोण पाठवणार? ओटिएनो आजारी पडले. नवे तपासनीस 'बघतो' म्हणायचे आणि गप्प व्हायचे. सरांना लकवा झाला. दिव्यानी एकेका माणसाला विनवत राहिली. रोज थोडी थोडी खचत गेली.

अशात सरांच्या पत्नी देवकाबाई बोलून गेल्या, "प्रफुलले हॉलंडात संशोधनाले बलावलं ना. एकदा नाई म्हणला, आता पुन्हा विचारून राह्यले. पण तो म्हणते, वेबसाइट कोण पाहील?"

दिव्यानीनं हातातली कपबशी खाली ठेवली. मरणाऱ्या गोष्टीला आपण त्याला बांधून ठेवलंय, असं तिला वाटलं. तिनं लुसियाबाईंना विचारलं, बंद करायचं का? तासाभरात उत्तर आलं. त्या म्हणाल्या, 'हे कोणी तरी म्हणावं याची मी कधीची वाट पाहत होते.' त्या उत्तरातली सुटका तिला सगळ्यात जास्त लागली. तिनं शेवटच्या अंकासाठी समारोपाचं निवेदन लिहिलं आणि वेबसाइटवर टाकायला प्रफुलकडे पाठवलं. सोबत एक शब्दही नाही.

दुसऱ्या दिवशी ऊर्जानगरच्या स्टॉपवर ती बसची वाट पाहत होती. फेब्रुवारीतला अवकाळी पाऊस पत्र्यावर ताडताड वाजत होता. प्रफुल भिजत आला.

"मले न विचारता?"

"माणसंच उरली नाई, प्रफुल. तू तरी काऊन अडकून राह्यतं?"

"वेबसाइटसाठी थांबलो वाटलं तुले?" त्याचा आवाज चिरकला. "वेबसाइट तिथूनही चालते, येडे. तू इथी होती म्हणून थांबलो."

इतके दिवस तिला हेच तर ऐकायचं होतं...

"मंग बोलला काऊन नाई?"

"वाटलं, तुले ठाऊक आहे. काल ते निवेदन पाह्यलं अन् वाटलं, तुले मी नको. सकाळीच हो कळवलं हॉलंडवाल्याइले. तू थांब म्हण, थांबतो. नाईतर चाल माझ्यासंगं."

तिच्या डोळ्यांसमोर बाबा आले, हल्ली डोळ्यांनी दिसत नाही म्हणून नदीकाठी आपला डोंगा चाचपत शोधणारे. आणि 'तळं' आलं, थांबून थांबून संपलेलं. हा माणूस तसा संपताना तिला पाहवला नसता.

"मलेही तू पाह्यजे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. पण बाबाले टाकून येता येत नाई. अन् तुले थांब म्हणता येत नाई. जा तू."

त्यानं तिचा चष्मा काढला. त्याचा शर्ट ओलाचिंब होता. पुसून परत तिच्या डोळ्यांवर ठेवलेली काच आणखीच धूसर झाली. बस आली तशी ती चढली आणि मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी दिसलं नसतं.

तो गेला त्या रविवारी ती एकटीच सरांकडे गेली. सरांची जीभ जड झाली होती.

"अंक... निघाला?"

"निघाला, सर. शेवटचा."

"अन् प्रफुल?"

"तोही."

सरांनी मोठ्या कष्टानं आपले पाय भिंतीकडे सरकवले आणि तिला बसायला खाटेवर जागा करून दिली. ती बसली, आणि तेव्हा कुठे रडली.